‘कार्न’ची तयारी: अमेरिकेत व्यसनोपचाराच्या नर्सिंग परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

डिटॉक्स युनिट, मेथाडोन क्लिनिक (अफूवर्गी पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन हे औषध देणारं केंद्र) किंवा मानसोपचार वॉर्डात काही वर्षं काढलेल्या नर्सला अमेरिकेत ‘सर्टिफाइड अ‍ॅडिक्शन्स रजिस्टर्ड नर्स’ ही पदवी मिळवता येते. बोलताना सगळे तिला ‘कार्न’ म्हणतात. परीक्षेची जबाबदारी अ‍ॅडिक्शन्स नर्सिंग सर्टिफिकेशन बोर्डाकडे आहे. नर्स प्रॅक्टिशनर आणि त्यासारख्या प्रगत भूमिकेतल्या नर्सेससाठी वेगळी ‘कार्न-एपी’ परीक्षा असते. हा लेख पहिल्या परीक्षेबद्दल आहे, आणि पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात शिकून तिकडे गेलेल्या मराठी नर्सेस डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

अनुभवी नर्सचे गुण जातात ते बहुतेक वेळा वॉर्डातल्या सवयीमुळे. ‘आमच्याकडे असंच करतात’ हे मनात ठेवून उत्तर दिलं की चुकतं, कारण परीक्षा विचारते ती पुराव्यावर ठरलेली पद्धत. भारतातल्या आणि अमेरिकेतल्या अशा दोन सवयी एकाच डोक्यात असतील तर जास्तच सांभाळावं लागतं. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर सवय कुठे दगा देते तेही सांगितलं आहे.

पहिली पायरी: कागदपत्रं आणि नाव

अर्जासाठी तीन गोष्टी लागतात: चालू आरएन (रजिस्टर्ड नर्स) परवाना, व्यसनोपचारातल्या कामाचे ठरावीक तास आणि या विषयातल्या सातत्यपूर्ण शिक्षणाचे ठरावीक तास. तासांचे आकडे बोर्डाच्या चालू वर्षाच्या उमेदवार पुस्तिकेतूनच घ्या. मैत्रिणीने चार वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जावरून घेऊ नका. कामाचे तास मोजताना फक्त ‘व्यसनमुक्ती’ची पाटी असलेल्या विभागाचेच तास धरायचे, असा अनेकींचा समज असतो. वैद्यकीय वॉर्डात तुम्ही रोज दारूच्या विड्रॉवलचे, म्हणजे दारू थांबल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाचे, रुग्ण सांभाळत असाल, तर ते काम कसं नोंदवायचं हे बोर्डाला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

मराठी उमेदवारांची खरी अडचण नावाची असते. परवान्यावर लग्नाआधीचं नाव, पासपोर्टवर मधलं नाव म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर, असा घोळ सर्रास असतो. परीक्षेच्या दिवशी दाखवणार असलेल्या ओळखपत्रावर नाव जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच अर्जात लिहा. परवान्यावरचं नाव वेगळं असेल तर आधी नर्सिंग बोर्डाकडून ते बदलून घ्या. त्याला आठवडे लागतात, म्हणून हे काम अभ्यासाच्या आधी हातात घ्या.

दुसरी पायरी: आराखडा आणि पहिली चाचणी

कोणत्या भागावर किती प्रश्न येतात याचा आराखडा पुस्तिकेत असतो. तो छापून भिंतीवर लावा. मग काहीही न वाचता ५० सरावप्रश्न ६० मिनिटांत सोडवा. गुण किती पडले याला महत्त्व नाही, चुका कशा झाल्या ते बघायचं आहे. एका वहीत चार रकाने आखा: माहीत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, वॉर्डातल्या सवयीने उत्तर दिलं, बरोबर उत्तर बदलून चुकीचं केलं. प्रत्येक चूक यातल्या एका रकान्यात टाका. तिसरा रकाना सर्वांत भरलेला असेल तर आणखी पुस्तकं घेऊन काही साधणार नाही. तुम्हाला माहिती आहे, ती कुठे लागू होते हे तपासायला हवं.

नोकरी सांभाळून १२ आठवडे आणि आठवड्याला ७-८ तास पुरतात. पहिले दोन आठवडे आराखडा आणि चाचणी, पुढचे चार पदार्थ आणि विड्रॉवल, दोन आठवडे औषधं, दोन आठवडे तपासणी-साधनं, समुपदेशन आणि कायदा, शेवटचे दोन सरावपरीक्षा. रात्रपाळी करून आल्यावर अभ्यासाला बसू नका. आधी झोप काढा, मग तासभर प्रश्न सोडवा.

तिसरी पायरी: विड्रॉवल, घड्याळ लावून

गुण सर्वांत जास्त इथे मिळतात आणि रुग्णाचा जीवही इथेच वाचतो, म्हणून घाई करू नका. दारूच्या विड्रॉवलची वेळापत्रिका तोंडपाठ हवी. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ. ६ ते ४८ तासांत फिट येण्याचा धोका. १२ ते २४ तासांच्या सुमारास भास होऊ शकतात, पण तेव्हा रुग्णाला वेळ-स्थळाचं भान असतं. ४८ ते ९६ तासांत डिलिरियम ट्रेमेन्स: भान हरपणं, ताप, नाडी आणि रक्तदाब वाढणं. भास दोन्हीकडे आहेत. फरक आहे तो भानाचा, आणि परीक्षक नेमका तोच विचारतात.

आता असा प्रश्न घ्या. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ६१ वर्षांचा रुग्ण बेचैन आहे, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, आपण कुठे आहोत ते त्याला सांगता येत नाही. नाडी १२४, ताप ३८.६ अंश. पर्याय असे: वेदनाशामक वाढवणं, फक्त हॅलोपेरिडॉल (भासांवरचं औषध) देणं, हातपाय बांधणं, डॉक्टरांना लगेच कळवून प्रोटोकॉलप्रमाणे बेंझोडायझेपिन (लोराझेपामसारखं शांत करणारं औषध) देणं. सर्जिकल वॉर्डातली सवय पहिल्या किंवा तिसऱ्या पर्यायाकडे ओढते. तिसरा दिवस म्हणजे ७२ तास, आणि भान गेलेलं आहे. म्हणून उत्तर चौथं. एकटं हॅलोपेरिडॉल विड्रॉवल थांबवत नाही आणि फिट येण्याची शक्यता वाढवतं.

दारूच्या विड्रॉवलची तीव्रता मोजणाऱ्या ‘सिवा-एआर’ या मोजपट्टीत १० बाबी आहेत. नऊ बाबींना ० ते ७ आणि भानाला ० ते ४, म्हणून कमाल गुण ६७. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये ८ च्या खाली सौम्य, ८ ते १५ मध्यम आणि १५ च्या वर तीव्र धरतात. नाडी आणि रक्तदाब या दहा बाबींत नाहीत. ते आपण त्याच कागदावर लिहितो म्हणून अनेकींना ते गुणांत धरल्यासारखे वाटतात. डोकेदुखीच्या बाबीत चक्कर मोजायची नाही. आणि ही पट्टी रुग्णाशी बोलून भरायची असते. नळी टाकलेल्या किंवा बोलू न शकणाऱ्या रुग्णावर ती वापरण्याचा पर्याय दिसला की तो चुकीचा समजा.

ओपिऑइडच्या (हेरॉइन, मॉर्फिनसारख्या अफूवर्गी पदार्थांच्या) विड्रॉवलसाठीचं ‘कॉव्ज’ वेगळं: ११ बाबी, कमाल ४८. ५ ते १२ सौम्य, १३ ते २४ मध्यम, २५ ते ३६ मध्यम-तीव्र, ३६ च्या वर तीव्र. यात नाडी आहे, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार आहे, जांभया आहेत, अंगावरचा काटाही आहे. मुंबईत ब्राउन शुगरवाले ज्याला ‘टर्की’ म्हणतात ती हीच लक्षणं: नाक-डोळे वाहणं, हाडं दुखणं, जुलाब. रुग्णाला यात प्रचंड त्रास होतो, पण दारू आणि बेंझोडायझेपिनच्या विड्रॉवलने जसा जीव जाऊ शकतो तसा यात सहसा जात नाही. ‘चार रुग्णांपैकी आधी कोणाला पाहाल’ या प्रश्नाची किल्ली हीच. बेंझोडायझेपिन अचानक बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्याने कमी करायचं. आणि त्याची शारीरिक सवय लागलेल्याला त्याचा परिणाम उलटवणारं फ्लुमाझेनिल दिलं तर फिट येऊ शकते.

थायामिनचं (व्हिटॅमिन बी१) मात्र विसरू नका. त्याच्या कमतरतेने होणाऱ्या वेर्निके या मेंदूच्या विकाराची त्रयी म्हणजे गोंधळ, तोल जाणं आणि डोळ्यांच्या हालचालीत बिघाड. तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही, म्हणून संशयावरच थायामिन द्यायचं. परीक्षेच्या उत्तरात ते ग्लुकोजच्या आधी येतं. यकृत बिघडलेल्या रुग्णाला लोराझेपाम, ऑक्झाझेपाम किंवा टेमाझेपाम. भारतात क्लोरडायझेपॉक्साइड हाताशी असतं म्हणून तेच उत्तर सुचतं, पण ते यकृतात मोडतं आणि साचत जातं.

चौथी पायरी: औषधं, आकड्यांसह

ओपिऑइडच्या व्यसनावरचं बुप्रेनॉर्फिन हा अर्धा अ‍ॅगोनिस्ट आहे, म्हणजे ओपिऑइडच्या रिसेप्टरला अर्धवटच चेतवतो, आणि त्याला घट्ट धरतो. अंगात पूर्ण अ‍ॅगोनिस्ट भरपूर असताना ते दिलं तर विड्रॉवल आपणच ओढवतो. म्हणून कमी काळ टिकणाऱ्या ओपिऑइडनंतर किमान १२ तास थांबून, कॉव्ज साधारण ८ ते १२ झाल्यावर पहिला डोस देतात. फेंटानिल (अतिशय तीव्र कृत्रिम ओपिऑइड) नियमित घेणाऱ्याच्या शरीरातल्या चरबीत ते साठतं, त्यामुळे घड्याळापेक्षा कॉव्जवर आणि डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर भर द्यायचा. प्रश्नात कॉव्ज ६ असेल आणि रुग्ण गोळी मागत असेल, तर नेहमीच्या सुरुवातीच्या पद्धतीत उत्तर आहे थांबणं, लक्षणांना आराम देणं आणि पुन्हा मोजणं. ‘नाही’ म्हणून परत पाठवणं हे उत्तर कधीच नसतं. गोळी जिभेखाली विरघळू द्यायची, गिळायची नाही. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची, कारण एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) जानेवारी २०२२ मध्ये दातांच्या नुकसानीचा इशारा दिला आहे.

मेथाडोन पूर्ण अ‍ॅगोनिस्ट आहे, हळूहळू साचतो आणि म्हणूनच पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. कालचा डोस पुरला नाही म्हणून आज झटकन वाढवला, की चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण गुंगीत जातो. क्यूटीसी (ईसीजीवर मोजला जाणारा हृदयाच्या लयीचा एक कालावधी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर डॉक्टरांना कळवायचं.

नाल्ट्रेक्सोन (ओपिऑइडचा परिणाम अडवणारं, दारूच्या व्यसनावरही दिलं जाणारं औषध) तोंडाने ५० मिलिग्रॅम रोज, किंवा ३८० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी नितंबाच्या स्नायूत. आधी ७ ते १० दिवस ओपिऑइड बंद हवं. दारू सोडलेल्यांसाठीचं अकॅम्प्रोसेट ६६६ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पण ते मूत्रपिंडातून बाहेर जातं: क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ३० ते ५० असेल तर ३३३ मिलिग्रॅम तीनदा, ३० किंवा त्याखाली असेल तर द्यायचंच नाही. यकृत बिघडलं असेल तर अकॅम्प्रोसेट, मूत्रपिंड बिघडलं असेल तर दुसरं काही, असं पाठ करून ठेवा.

डायसल्फिराम (वर दारू प्यायली तर त्रास घडवणारं औषध) शेवटच्या दारूनंतर किमान १२ तासांनी सुरू करतात, आणि बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत दारूशी त्याची प्रतिक्रिया होऊ शकते. आपल्याकडे काही घरांत ते रुग्णाला न सांगता जेवणात मिसळतात. परीक्षेत असा पर्याय रुग्णाच्या भल्याच्या भाषेत लिहिलेला असतो. तो हक्काच्या दृष्टीने चूक आहे, आणि औषधाची कल्पना नसताना दारू प्यायलेल्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो.

ओपिऑइडच्या अतिमात्रेवरच्या नालोक्सोनचा नाकातला ४ मिलिग्रॅमचा फवारा मार्च २०२३ पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय विकायला मान्यता आहे. श्वास परतला नाही तर २-३ मिनिटांनी दुसरा डोस, आणि मधल्या वेळात श्वास देत राहायचं. नालोक्सोनचा परिणाम ओपिऑइडच्या आधी ओसरू शकतो, म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसाला लगेच सोडायचं नाही. झायलाझिन (जनावरांचं गुंगीचं औषध) मिसळलेलं असेल तर नालोक्सोन त्यावर चालत नाही, तरी ते द्यायचंच, कारण सोबत बहुधा फेंटानिल असतं.

तंबाखूवरची औषधं वरवर वाचली जातात आणि गुण तिथे हकनाक जातात. रोज १० पेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमची पट्टी. उठल्यावर ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचं च्युइंग गम. गम चघळून गालात ठेवायचं आणि आधी १५ मिनिटं कॉफी किंवा फळांचा रस टाळायचा. फिटचा विकार असलेल्याला किंवा दारू अचानक बंद केलेल्याला ब्युप्रोपिऑन नको. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) घेणाऱ्याने सिगारेट सोडली तर क्लोझापिनची रक्तातली पातळी वाढते.

पाचवी पायरी: तपासणी-साधनं आणि पेगचा हिशोब

दारूच्या सवयीची चाचणी असलेल्या ‘ऑडिट’मध्ये १० प्रश्न, ० ते ४० गुण, ८ पासून धोका. ‘ऑडिट-सी’मध्ये तीन प्रश्न, पुरुषांना ४ आणि स्त्रियांना ३ पासून पुढे. ‘केज’ चार प्रश्नांचं, दोन ‘हो’ पुरतात. १२ ते २१ वयासाठी ‘क्राफ्ट’.

मोजताना देश ध्यानात ठेवा. अमेरिकेत एक प्रमाणित पेग म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ५ टक्क्यांची साधारण ३५५ मिली बिअर किंवा ४० टक्क्यांची ४४ मिली व्हिस्की. भारतात १० ग्रॅम धरतात. आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, साधारण ६१ ग्रॅम होते. ती भारतीय हिशोबात सहा पेग, अमेरिकी हिशोबात साडेचारपेक्षा थोडं कमीच. भारतात शिकलेला आकडा तसाच लावला तर उत्तर एका पायरीने सरकतं.

डीएसएम-५ (अमेरिकेतली मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका) मध्ये व्यसनविकाराचे ११ निकष, १२ महिन्यांचा काळ: २-३ सौम्य, ४-५ मध्यम, ६ किंवा जास्त तीव्र. ‘अब्यूज’ आणि ‘डिपेंडन्स’ हे जुने वेगळे कप्पे २०१३ मध्ये गेले. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्याला सहनशीलता आणि विड्रॉवल ही दोन लक्षणं असली, तरी ती निकषांत धरायची नाहीत. सापळा नेहमीचाच.

लघवीच्या चाचणीबद्दल एवढं पक्कं करा: साध्या ‘ओपिएट’ पट्टीवर फेंटानिल, मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन दिसत नाहीत. पट्टीचा निकाल प्राथमिक असतो, खात्रीसाठी प्रयोगशाळेची दुसरी चाचणी लागते. नोंद करताना ‘डर्टी युरीन’ लिहू नका, निकाल पॉझिटिव्ह की निगेटिव्ह तेवढं लिहा. परीक्षेत अशा शब्दांवरून अख्खा पर्याय बाद होतो. ‘अ‍ॅडिक्ट’, ‘दारुडा’, ‘डिफॉल्टर’ हे हँडओव्हरमध्ये बोलले जाणारे शब्द पेपरच्या आधीच जिभेवरून काढून टाका. आपण जसं बोलतो तसं रुग्णाला वागवतो, म्हणून हे कामावरही तितकंच लागू आहे.

सहावी पायरी: जुनी पुस्तकं कुठे फसवतात

उसनं आणलेलं पुस्तक २०२४ च्या आधीचं असेल तर चार ठिकाणी पेन्सिलने खूण करा. बुप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी लागणारी ‘एक्स-वेव्हर’ ही खास परवानगी डिसेंबर २०२२ च्या कायद्याने रद्द झाली, रुग्णसंख्येच्या मर्यादाही गेल्या. मेथाडोन क्लिनिकच्या नियमांत २०२४ मध्ये मोठे बदल झाले: पहिल्या दिवशीची कमाल मात्रा ५० मिलिग्रॅम, आणि स्थिर रुग्णाला घरी न्यायचे डोस पहिल्या १४ दिवसांत ७ दिवसांपर्यंत, १५ व्या दिवसापासून १४, ३१ व्या दिवसापासून २८ दिवसांपर्यंत. रुग्णाला कोणत्या पातळीचा उपचार लागेल हे ठरवणाऱ्या ‘आसाम’ (अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅडिक्शन मेडिसिन) निकषांची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि ‘बदलाची तयारी’ ही स्वतंत्र मिती त्यातून गेली. व्यसनोपचाराच्या नोंदींच्या गोपनीयतेचा ‘४२ सीएफआर पार्ट २’ हा नियमही २०२४ मध्ये सुधारला. परीक्षेला बसताना कोणती आवृत्ती धरायची हे पुस्तिकेतल्या संदर्भयादीवरून ठरवा.

सातवी पायरी: गोपनीयता, जिथे आपली माणसं अडखळतात

महाराष्ट्रातल्या वॉर्डात रुग्णासोबत घर येतं. बायको औषधं सांभाळते, भाऊ डॉक्टरांशी बोलतो, आईला सगळं ठाऊक असतं. त्यामुळे ‘रुग्णाची पत्नी फोनवर विचारते, ते आज डोस घ्यायला आले होते का?’ या प्रश्नाला मराठी नर्सचं मन लगेच उत्तर देऊन टाकतं. पार्ट २ खाली रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय तो तिथे उपचार घेतो हेसुद्धा सांगता येत नाही. ‘हो’ही म्हणायचं नाही, ‘नाही’ही म्हणायचं नाही. पोलीस दारात आले तरी हेच. साध्या समन्सने माहिती देता येत नाही, त्यासाठी न्यायालयाचा खास आदेश लागतो. अपवाद मोजके आहेत: वैद्यकीय आणीबाणी, बालकावरच्या अत्याचाराची राज्याच्या कायद्यानुसार तक्रार, केंद्राच्या आवारात किंवा कर्मचाऱ्यांविरुद्ध झालेला गुन्हा. हे अपवाद कार्डावर लिहून रोज वाचा.

गरोदरपणाच्या प्रश्नांतही सवय आडवी येते. ‘बाळासाठी औषध बंद करा’ हे उत्तर चूक. गरोदर स्त्रीला मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन चालू ठेवतात, शेवटच्या तिमाहीत मेथाडोनचा डोस वाढवावा किंवा विभागून द्यावा लागू शकतो. औषधावर स्थिर असलेल्या आणि एचआयव्ही नसलेल्या आईला स्तनपानासाठी प्रोत्साहन द्यायचं.

सहकारी नर्सच्या हातून औषधं गहाळ होत असल्याचा संशय आला, तर तिला एकटीला गाठून समजावणं हे उत्तर नसतं. जे पाहिलं तेवढंच तारीख-वेळेसह लिहायचं आणि वरिष्ठांना कळवायचं. अनेक राज्यांत अशा नर्सेससाठी शिक्षेऐवजी उपचार आणि देखरेखीचे कार्यक्रम आहेत, म्हणून कळवणं म्हणजे तिचं करिअर संपवणं असं समजू नका.

आठवी पायरी: शेवटचे दोन आठवडे

दर तीन दिवसांनी एक सरावपरीक्षा, परीक्षेच्याच वेळेला. प्रश्नातला ‘फर्स्ट’, ‘बेस्ट’, ‘मोस्ट’ हा शब्द आधी शोधा. ‘फर्स्ट’ असेल तर श्वास, फिट, आत्महत्येचा विचार या क्रमाने धोका शोधा. रुग्णाचं बोलणं दिलं असेल तर प्रेरक संवादाचं उत्तर निवडा: खुला प्रश्न, कौतुक, त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवणं, सारांश. सल्ला, धाक आणि युक्तिवाद असलेले पर्याय आधी खोडा. मनातल्या मनात प्रश्नाचं मराठी भाषांतर करत बसू नका, ‘एक्सेप्ट’ आणि ‘नॉट’ त्यात गळून पडतात. उत्तर बदलायचं असेल तर प्रश्नातला असा एखादा शब्द बोटाने दाखवता आला पाहिजे, जो आधी वाचायचा राहून गेला होता. तो दाखवता येत नसेल तर पहिलं उत्तर राहू द्या.

आदल्या दिवशी नवं काही वाचू नका. चुकांच्या वहीतला तिसरा रकाना एकदा चाळा, ओळखपत्र पर्समध्ये टाका आणि शक्य असेल तर आधीच्या दोन रात्रींच्या ड्युट्या महिनाभर आधीच बदलून घ्या. निकाल मनासारखा नाही लागला तर भागवार गुणांचा तक्ता आराखड्याशेजारी लावा, आणि जो भाग सर्वांत मागे पडला असेल तिथून पुन्हा ५० प्रश्न काढा.